रक्तापासून मेंदूपर्यंत : ‘के’ जीवनसत्त्वाच्या संशोधनाचा इतिहास

एखाद्या द्रव्यास प्रथम जे नाव मिळते, ते पुष्कळदा त्या द्रव्याविषयीच्या पुढील विचारास वळण लावते. संशोधकाच्या दृष्टीस जे कार्य सर्वांआधी पडले त्यावरून नाव ठरते. नाव ठरले की तेच कार्य मुख्य आणि बाकीची गौण, अशी समजूत रूढ होते. आणि ती मोडावयास कधी कधी एक पिढी पुरत नाही. ‘के’ जीवनसत्त्वाचा इतिहास हे या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण होय. रक्त साकळण्याच्या क्रियेशी जोडले गेलेले हे द्रव्य जवळजवळ चाळीस वर्षे केवळ रक्ताचे जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. अस्थी, रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्याशी त्याचा काही संबंध असेल, ही कल्पना उशिरा आली. आणि ती आली तेव्हा तिच्याबरोबर पूरक गोळ्यांचे आश्वासनही आले. त्या आश्वासनाची परीक्षा करावयाची तर हा विचार कोणकोणत्या टप्प्यांनी पुढे सरकला हे पाहणे अगत्याचे आहे. कारण मेंदूच्या बाबतीत या जीवनसत्त्वाने एकदा उपकार केला आहे, आणि त्याच्याच कृत्रिम रूपाने एकदा अपायही केला आहे.

आरंभी नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘क’ जीवनसत्त्व म्हणून जे ओळखले जाते ते लिंबू-आवळ्यातील, स्कर्व्ही हा रोग टाळणारे द्रव्य होय. प्रस्तुत निबंधाचा विषय असलेले ‘के’ जीवनसत्त्व त्याहून सर्वस्वी भिन्न असून ते हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते व मेदात विरघळते. हा भेद मराठी वाचकापुरताच महत्त्वाचा आहे असे नाही. पुढे दिसून येईल की, या दोन जीवनसत्त्वांची गल्लत प्रयोगशाळेतही झाली होती.

१. कोंबडीची पिले आणि एक अनपेक्षित लक्षण

इ. स. १९२९ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठात हेन्रिक डाम हा तरुण जीवरसायनज्ञ कोलेस्टेरॉलच्या चयापचयाचा अभ्यास करीत होता. कोंबडीचे पिलू आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल निर्माण करू शकते काय, हा त्याचा प्रश्न होता. त्यासाठी त्याने पिलांना मेद व स्टेरॉल काढून घेतलेला कृत्रिम आहार दिला व ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे वेगळी पुरविली. मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी मिळाले. परंतु दोन-तीन आठवड्यांनंतर काही पिलांच्या त्वचेखाली व स्नायूंत रक्तस्राव झाल्याचे आढळले, आणि त्यांचे रक्त साकळण्यास फार वेळ लागत असल्याचे दिसून आले. कोलेस्टेरॉलच्या प्रश्नाशी या लक्षणाचा काही संबंध नव्हता. ते बाजूला सारून मूळ विषयाकडे वळणे सोपे होते. डामने तसे केले नाही.

हेच लक्षण इतरांच्याही नजरेस आले होते. कॅनडातील ओंटारिओ येथे मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये, ईथरने मेद काढून घेतलेले मासळीचे व मांसाचे पीठ खाणाऱ्या पिलांत रक्तस्राव होतो अशी नोंद केली. कॅलिफोर्नियात होल्स्ट व हॅलब्रुक यांनी १९३३ मध्ये हा रोग स्कर्व्हीसारखा असल्याचे मत मांडले. कोबी खाऊ घातला असता पिले बरी होत, आणि कोबीत ‘क’ जीवनसत्त्व असते. यास्तव ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव हेच कारण असावे, असा त्यांचा तर्क होता. निरीक्षण अचूक होते, अनुमान मात्र चुकले होते. डामने लिंबाचा रस व पुढे शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व देऊन पाहिले. रक्तस्राव थांबला नाही. उलट हिरवी पाने व डुकराचे यकृत यांत हा रोग टाळणारे द्रव्य भरपूर असून ते मेदात विरघळणारे आहे, असे त्यास दिसून आले.

१९३५ मध्ये डामने हे एक नवे जीवनसत्त्व असल्याचे जाहीर करून त्यास ‘के’ हे अक्षर दिले. त्यापूर्वीची अक्षरे कोणत्या ना कोणत्या खऱ्या वा कल्पित जीवनसत्त्वासाठी वापरली गेली होती. आणि स्कँडिनेव्हियन व जर्मन भाषांत रक्त साकळण्यासाठी जो शब्द आहे त्याचे आद्याक्षरही योगायोगाने तेच होते. अशा रीतीने वर्णमालेतील रिकामी जागा आणि प्रथम दिसलेले लक्षण या दोहोंच्या मिलाफातून हे नाव जन्मास आले.

त्याच वेळी बर्कले येथे अल्मक्विस्ट व स्टोकस्टॅड हेही याच निष्कर्षाप्रत आले होते. लसूणघासातून काढलेल्या अर्काने रक्तस्राव टळतो, आणि ओलसर ठेवून सडू दिलेल्या मासळीच्या पिठातही जंतूंच्या क्रियेने हे द्रव्य उत्पन्न होते, असे त्यांनी दाखविले. परंतु त्यांच्या लेखाच्या प्रसिद्धीस विलंब झाला. एका नियतकालिकाने तो परत पाठविला. आणि अखेरीस ‘नेचर’मध्ये तो छापला गेला तो डामच्या टिपणानंतर काही आठवड्यांनी. शोधाचे श्रेय त्यामुळे प्रामुख्याने डामकडे गेले.

पुढील चार वर्षांत प्रगती विलक्षण वेगाने झाली. १९३९ मध्ये झ्युरिकचा कारर व डाम यांनी, तसेच सेंट लुईस येथील एडवर्ड डॉइझी व त्याच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. लसूणघासातील रूपास के-१ आणि सडलेल्या मासळीतील रूपास के-२ अशी नावे मिळाली. त्याच वर्षी हार्वर्ड येथे फीझरने व इतरत्र अन्य संशोधकांनी के-१ चे संश्लेषण सिद्ध केले. १९४३ चे नोबेल पारितोषिक डाम व डॉइझी यांना विभागून देण्यात आले. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापले तेव्हा डाम अमेरिकेच्या दौऱ्यावर होता; त्यामुळे १९४४ साली तो सन्मान त्याने न्यूयॉर्क येथे स्वीकारला.

२. नवजात अर्भक : पहिला उपकार

या जीवनसत्त्वाचा मेंदूशी पहिला व्यावहारिक संबंध आला तो रक्ताच्याच मार्गाने. १८९४ मध्ये बोस्टनचे वैद्य चार्ल्स टाउन्सेंड यांनी पन्नास अर्भकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. जन्मानंतर थोड्याच दिवसांत या बालकांना आपोआप रक्तस्राव सुरू होई. हा आनुवंशिक रक्तस्रावी रोग नव्हे, कारण त्यातून जी बालके वाचत ती पुढे निरोगी राहत, हे टाउन्सेंड यांनी नेमके हेरले होते. कारण मात्र अज्ञात होते. १९३७ मध्ये आयोवा येथील ब्रिंकहाउस, स्मिथ व वॉर्नर यांनी नवजात अर्भकांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हे क्लथनास आवश्यक असणारे प्रथिन अल्प प्रमाणात असते, आणि या रोगात तर ते अत्यल्प असते, असे सिद्ध केले. डामच्या प्रयोगशाळेत पिलांच्या रक्तातही याच प्रथिनाची उणीव आढळली होती. दोन धागे जुळले. १९३९ मध्ये वॅडेल व गेरी यांनी अर्भकांना ‘के’ जीवनसत्त्व देऊन रक्तस्राव आवरता येतो असे दाखविले. आणि १९४४ मध्ये स्वीडनमधील लेमान यांनी तेरा हजार अर्भकांवरील प्रतिबंधक उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

गर्भास वारेतून हे जीवनसत्त्व फारच थोडे मिळते. मातेच्या दुधात ते अल्प असते. आणि ते निर्माण करणारे जंतू अर्भकाच्या आतड्यात अद्याप वसलेले नसतात. यास्तव आयुष्याच्या पहिल्या आठवड्यांत मनुष्य या जीवनसत्त्वाच्या बाबतीत जितका दरिद्री असतो तितका पुढे क्वचितच होतो. रक्तस्राव नाळेतून वा आतड्यातून झाला तर तो दिसतो. परंतु दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान, विशेषेकरून प्रतिबंधक मात्रा न मिळालेल्या व केवळ अंगावर पिणाऱ्या बालकांत, तो पुष्कळदा कवटीच्या आत होतो. असे बालक दगावते, किंवा वाचल्यास मेंदूला कायमची इजा घेऊन वाढते. जन्मतः दिलेली एक लहानशी मात्रा ही आपत्ती जवळजवळ निश्चितपणे टाळते. ‘के’ जीवनसत्त्व मेंदूचे रक्षण करते या विधानाचा हा अर्थ निर्विवाद आहे. त्यानंतरच्या सर्व अर्थांना पुराव्याची इतकी भक्कम बैठक लाभलेली नाही.

३. अतिरेकाचा धडा

उपकाराच्या या कथेस एक दुःखद उपकथानक आहे, आणि आजच्या वाचकाने ते विशेष लक्षपूर्वक वाचावे असे आहे. १९३९ मध्येच मेनाडिओन हे साधे कृत्रिम संयुग ‘के’ जीवनसत्त्वाचे काम करते, असे आढळून आले होते. ते स्वस्त होते, आणि त्याची पाण्यात विरघळणारी रूपे टोचावयास सोयीची होती. जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी, आणि थोड्याने गुण येतो तर अधिकाने अधिक येईल, अशा समजुतीने १९४० नंतरच्या दशकात मात्रा वाढत गेल्या. जेथे एक मिलिग्रॅम पुरेसा होता तेथे दहा मिलिग्रॅम व त्याहून अधिक, कधी वारंवार, दिले जाऊ लागले. प्रसूतीच्या वेळी मातेलाही ते टोचले जाई. अपुऱ्या दिवसांच्या दुबळ्या अर्भकांना रक्तस्रावाची भीती अधिक. यास्तव मोठ्या मात्रा प्रामुख्याने त्यांच्याच वाट्यास आल्या.

१९५५ व १९५६ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून इशारे येऊ लागले. मेनाडिओनच्या मोठ्या मात्रेने तांबड्या रक्तपेशींचे विघटन होते, त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य रक्तात साचते, आणि अर्भकाच्या अपक्व यकृतास त्याचा निचरा करता येत नाही. हे द्रव्य एका मर्यादेपलीकडे गेले की मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांत शिरते व तेथील चेतापेशींचा नाश करते. कर्निक्टेरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात बालक मृत्युमुखी पडते, किंवा बहिरेपण व अवयवांच्या अनैच्छिक हालचाली यांचे ओझे घेऊन जगते. मेंदूतील रक्तस्राव टाळण्यासाठी दिलेले औषधच मेंदूच्या नाशास कारणीभूत होत होते.

या प्रकरणाचा निकाल मात्र समंजसपणे लागला. औषध टाकून देण्यात आले नाही. त्याचे रूप व मात्रा बदलण्यात आली. १९६१ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने प्रत्येक नवजात अर्भकास नैसर्गिक के-१ चा अर्धा ते एक मिलिग्रॅम एकदाच टोचावा अशी शिफारस केली. या मात्रेत व या रूपात पूर्वीचा धोका आढळला नाही. १९९० नंतर ब्रिटनमध्ये या टोचणीचा बालवयातील कर्करोगाशी संबंध असल्याची शंका निघाली आणि अनेक पालक बिथरले. परंतु स्वीडनमधील तेरा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदींत, तसेच ब्रिटनमधील पुढील विस्तृत अभ्यासांत, तो संबंध टिकला नाही. या दोन प्रसंगांतून एकच सूत्र हाती लागते : ‘जीवनसत्त्व’ या शब्दाने निर्धास्त होणे जितके चुकीचे, तितकेच एका अभ्यासाने घाबरणेही चुकीचे. रूप कोणते, मात्रा किती, आणि कोणास, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणताच निर्णय करता येत नाही.

४. कुजलेला चारा आणि एक नवे हत्यार

एखाद्या द्रव्याचे कार्य समजून घेण्याचा एक मार्ग म्हणजे ते अडवून पाहणे. ‘के’ जीवनसत्त्व अडविण्याचे साधन संशोधकांना गोठ्यातून मिळाले. १९२० नंतर कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात गुरांना एक विचित्र रोग होऊ लागला : शिंगे कापताना किंवा खच्ची करताना झालेल्या जखमेतून रक्त वाहतच राही व जनावर मरे. स्वीट क्लोव्हर नावाचे शेंगवर्गीय चाऱ्याचे पीक ओलाव्याने बुरसले की त्यातून हा रोग होतो, हे स्कोफील्ड या पशुवैद्याने दाखविले. आणि रॉडरिक याने त्यात प्रोथ्रॉम्बिन घटते असे सिद्ध केले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, न साकळलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरसलेला चारा घेऊन हिमवादळातून कार्ल पॉल लिंक याच्या प्रयोगशाळेत आला. सहा वर्षांच्या परिश्रमानंतर, १९३९ मध्ये, त्या चाऱ्यातील विषारी द्रव्य स्फटिकरूपात हाती आले. त्याच्या धर्तीवर तयार केलेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून विकले जाऊ लागले आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून देण्यात येऊ लागले.

वॉरफरिन हे ‘के’ जीवनसत्त्वाची शरीरातील पुनर्निर्मिती रोखते. एकदा वापरले गेलेले जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करून घेण्याचे जे चक्र यकृतादी अवयवांत अखंड चालू असते, त्यातील एक विकर हे औषध निष्प्रभ करते. त्या विकराचे जनुक २००४ मध्ये ओळखले गेले. परंतु त्याच्या कितीतरी आधी वैद्यकास एका प्रतिकूल अनुभवातून या चक्राचे व्यापक महत्त्व जाणवावयास हवे होते. गर्भारपणी वॉरफरिन घेतलेल्या काही मातांच्या बालकांत नाकाची व अस्थींची वाढ खुंटलेली दिसे. काहींच्या मेंदूत रचनात्मक दोष, डोळ्यांच्या चेतातंतूंचा ऱ्हास व बौद्धिक वाढीची मंदता आढळे. हॉल, पाउली व विल्सन यांनी १९८० मध्ये अशा प्रकरणांचा विस्तृत आढावा घेतला. मेंदूतील दोषांचे स्पष्टीकरण त्या वेळी मुख्यतः गर्भाच्या मेंदूतील रक्तस्राव व त्यानंतरचे व्रण असे दिले गेले. ते अंशतः खरेही असू शकेल. परंतु नाकाच्या कूर्चेतील दोष रक्तस्रावाने समजावून सांगता येत नव्हता. नावाने घालून दिलेली चौकट येथे अपुरी पडू लागली होती.

५. चौकट मोडली कशी

ही चौकट मोडली ती १९७४ मध्ये. त्या वर्षी स्वीडनमध्ये स्टेनफ्लो व त्याचे सहकारी यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिका व डेन्मार्क येथील संशोधकांनीही, प्रोथ्रॉम्बिनमध्ये एक नवे अमिनो अम्ल शोधून काढले. ग्लुटामिक अम्लाच्या रेणूवर आणखी एक कार्बॉक्सिल गट चढवून ते तयार झालेले असते, आणि त्यायोगे प्रथिनास कॅल्शियम धरून ठेवता येते. हा गट चढविण्याच्या क्रियेत ‘के’ जीवनसत्त्व भाग घेते. आता प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारता येऊ लागला : रक्त साकळण्यास काय लागते, हा नव्हे, तर हे अमिनो अम्ल शरीरात आणखी कोठे कोठे सापडते, हा. पुढील दहा वर्षांत ते अस्थींतील ऑस्टिओकॅल्सिनमध्ये आणि कूर्चेतील व रक्तवाहिन्यांतील एका प्रथिनात सापडले. वॉरफरिनमुळे नाक का खुंटते, या कोड्याची उकल त्यातून सुचली.

मेंदूच्या संदर्भात गॅस-६ हे प्रथिन विशेष महत्त्वाचे ठरले. त्याचे जनुक १९८८ मध्ये, वाढ थांबलेल्या पेशींत कार्यरत होणाऱ्या जनुकांचा शोध घेताना मिळाले. १९९३ मध्ये ते प्रथिन ‘के’ जीवनसत्त्वावर अवलंबून असल्याचे दिसले. आणि त्यानंतर दोनच वर्षांत ते पेशींच्या पृष्ठभागावरील टायरो-३, ॲक्सल व मेर या ग्राहकांशी संलग्न होते, असे स्पष्ट झाले. हे प्रथिन चेतासंस्थेत विस्तृत प्रमाणात आढळते. पेशी जगविणे, मृत पेशींचा निचरा करविणे आणि चेतातंतूंवरील मायेलिनचे आवरण राखणे या कार्यांशी त्याचा संबंध जोडण्यात आला आहे.

दुसरा मार्ग अगदी अनपेक्षित दिशेने आला. मायर लेव्ह हा सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ १९५० नंतरच्या दशकात एका जंतूचा अभ्यास करीत होता. त्यास वाढीसाठी ‘के’ जीवनसत्त्व लागे. ज्या जंतूस रक्त नाही त्यास रक्ताचे जीवनसत्त्व कशास हवे? या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा लेव्हने तीस वर्षे केला. जीवनसत्त्वाअभावी त्या जंतूतील स्फिंगोलिपिड या मेदवर्गाचे उत्पादन मंदावते, असे त्यास १९७० नंतर दिसून आले. स्फिंगोलिपिडे मेंदूत विपुल असतात, आणि त्यांपैकी सल्फाटाइड हे मायेलिनचा एक प्रमुख घटक असते. १९८८ मध्ये सुंदरम व लेव्ह यांनी उंदरांस वॉरफरिन दिले असता त्यांच्या मेंदूतील सल्फाटाइड घटते, असे दाखविले. हे परिणाम रक्तस्रावाने स्पष्ट होण्याजोगे नव्हते.

तिसरा धागा जीवनसत्त्वाच्या रूपासंबंधीचा आहे. आहारातील ‘के’ जीवनसत्त्व बहुतांशी के-१, म्हणजे पालेभाज्यांतील फायलोक्विनोन असते. मेंदूत मात्र मुख्यतः मेनाक्विनोन-४ हे रूप सापडते. शरीर एका रूपाचे दुसऱ्यात परिवर्तन करते, असे कार्ल मार्टिअसने १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी खुणेच्या साह्याने सुचविले होते; ते बराच काळ दुर्लक्षित राहिले. १९९० नंतर थायसेन याने नेदरलँड्समध्ये त्यास दुजोरा दिला. आणि २०१० मध्ये नाकागावा व सहकारी यांनी जपानमध्ये हे परिवर्तन घडविणारे विकर शोधून काढले. मेंदू एखाद्या द्रव्याचे विशिष्ट रूप स्वतःच घडवून बाळगत असेल, तर त्यास तेथे काही प्रयोजन असावे, हे अनुमान स्वाभाविक होते. २००३ मध्ये बोस्टन येथे ली व सहकारी यांनी संवर्धित पेशींवर दाखविले की, हे जीवनसत्त्व मायेलिन निर्माण करणाऱ्या अपक्व पेशींचे व चेतापेशींचे ऑक्सिडीकरणजन्य हानीपासून रक्षण करते, आणि तेही कार्बॉक्सिलीकरणाच्या परिचित कार्यावाचून. २०२२ मध्ये मिशिमा व सहकाऱ्यांनी मेदांच्या ऑक्सिडीकरणाने होणाऱ्या एका प्रकारच्या पेशीमृत्यूस ‘के’ जीवनसत्त्व कसे अटकाव करते, त्याची यंत्रणा उलगडली.

६. पुरावा कोठवर पोहोचतो

प्रयोगशाळेतून मनुष्याकडे येताना मात्र पावले सावध टाकावी लागतात. माँट्रिऑल येथील फेरलँड यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आयुष्यभर अल्प ‘के’ जीवनसत्त्वावर वाढविलेले उंदीर म्हातारपणी पाण्यातील मार्ग शिकण्यात मागे पडले; तरुण व मध्यम वयात मात्र त्यांच्यात व इतरांत फरक दिसला नाही. हा निष्कर्ष सूचक आहे, कारण तो कमतरतेचा परिणाम दीर्घ काळानंतरच प्रकट होतो असे दर्शवितो. परंतु त्यातच एक अडचण दडलेली आहे : जे आयुष्यभराच्या कमतरतेने घडते, ते उतारवयात काही महिने गोळ्या घेतल्याने भरून निघेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मनुष्यांवरील निरीक्षणेही त्याच जातीची आहेत. क्वेबेक प्रांतातील सत्तर ते पंच्याऐंशी वयाच्या ३२० निरोगी स्त्री-पुरुषांच्या २०१३ मधील अभ्यासात रक्तातील फायलोक्विनोन अधिक असणाऱ्यांची शब्दांची प्रासंगिक स्मृती अधिक चांगली आढळली. परंतु स्मृतीचे इतर प्रकार, निर्णयक्षमता व विचारांचा वेग यांच्याशी संबंध आढळला नाही. २०२२ मध्ये बूथ व सहकारी यांनी शिकागो येथील एका दीर्घकालीन अभ्यासातील ३२५ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. ज्यांच्या मेंदूत मेनाक्विनोन-४ अधिक होते त्यांच्यात स्मृतिभ्रंश वा सौम्य बौद्धिक ऱ्हास आढळण्याची शक्यता १७ ते २० टक्क्यांनी कमी होती. मेंदूतील जीवनसत्त्व प्रत्यक्ष मोजून काढलेला हा निष्कर्ष असल्याने त्याचे मोल मोठे आहे.

तरीही येथे कार्य कोणते व कारण कोणते, हा प्रश्न सुटत नाही. २००८ मध्ये अल्झायमर रोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेतील ३१ रुग्णांची तितक्याच निरोगी वृद्धांशी तुलना केली असता, रुग्णांच्या आहारात हे जीवनसत्त्व कमी असल्याचे आढळले. कारण ते हिरव्या भाज्या कमी खात. रोगामुळे आहार बिघडला की आहारामुळे रोगास वाव मिळाला, हे अशा तुलनेवरून सांगता येत नाही. शिवाय पालेभाजी ही केवळ ‘के’ जीवनसत्त्वाची पुडी नव्हे. तीत फॉलेट असते, इतर अनेक द्रव्ये असतात, आणि ती नियमाने खाणाऱ्या मनुष्याच्या राहणीतही इतर भेद असतात.

वॉरफरिनच्या अनुभवातून उत्तर मिळेल अशी अपेक्षा साहजिक होती. २०१६ मध्ये उंदरांवर असे आढळले की वॉरफरिनमुळे मेंदूतील स्फिंगोलिपिडे व वर्तन ही दोन्ही बदलतात. मग जी माणसे वर्षानुवर्षे हे औषध घेतात त्यांची बुद्धी मंदावावयास हवी. परंतु स्वीडनमध्ये हृदयाच्या अनियमित स्पंदनाने पीडित अशा चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २०१८ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची शक्यता २९ टक्क्यांनी कमी आढळली. त्या काळातील अशा औषधांत वॉरफरिन प्रमुख होते. या औषधाने मेंदूतील लहान-मोठ्या रक्तगुठळ्या टळतात व तो लाभ इतका मोठा असू शकेल की त्यामागे जीवनसत्त्वाच्या अभावाचा सूक्ष्म तोटा असलाच तरी तो झाकला जावा. येथे पुन्हा एकदा रक्त व मेंदू यांची गुंतागुंत संशोधकाच्या आड येते. १९८० मध्ये गर्भाच्या मेंदूतील दोषांविषयी जो प्रश्न पडला होता, तोच वार्धक्यातील मेंदूविषयी नव्या रूपाने उभा आहे.

हा प्रश्न सोडविण्याचा राजमार्ग म्हणजे यादृच्छिक नियंत्रित चाचणी : पुरेशा लोकांना, पुरेसा काळ, एकास जीवनसत्त्व व दुसऱ्यास निष्क्रिय गोळी देऊन त्यांच्या बुद्धीची तुलना करणे. ‘के’ जीवनसत्त्वाच्या पूरकाने स्मृती सुधारते वा तिचा ऱ्हास थांबतो, असे निःसंशय दाखविणारी मोठी चाचणी आजवर पुढे आलेली नाही. किंबहुना किती जीवनसत्त्व मेंदूस पुरेसे, हेही ठरलेले नाही. अमेरिकेत २००१ मध्ये पुरुषांस १२० व स्त्रियांस ९० मायक्रोग्रॅम हे जे दैनिक प्रमाण सांगण्यात आले, ते निरोगी लोक सामान्यतः किती सेवन करतात यावरून ठरविले होते; मेंदूच्या वा अन्य अवयवाच्या गरजेवरून नव्हे. दुसरीकडे वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाने वैद्याच्या सल्ल्यावाचून अशी गोळी घेतल्यास औषधाचा परिणाम नाहीसा होऊन मेंदूतच रक्ताची गुठळी अडकण्याचा धोका असतो. म्हणजे ज्या अवयवाच्या हितासाठी गोळी घ्यावयाची, त्यावरच संकट ओढवावयाचे.

या इतिहासाचा निष्कर्ष दुहेरी आहे. कोलेस्टेरॉलच्या प्रयोगात अकारण दिसलेला रक्तस्राव, बुरसलेल्या चाऱ्याने मेलेली कालवड, जीवनसत्त्व मागणारा एक क्षुद्र जंतू : या प्रत्येक ठिकाणी प्रगती झाली ती विषयाबाहेरचे लक्षण टाकून न देणाऱ्या संशोधकामुळे. ‘के’ जीवनसत्त्व मेंदूत काही कार्य करते, हे अशा संशोधनानेच आता मान्य करावे लागले आहे. परंतु एखादे द्रव्य मेंदूत कार्य करते, आणि ते अधिक घेतल्याने मेंदू अधिक चांगला चालतो, ही दोन विधाने भिन्न आहेत. त्यांतील अंतर न ओळखल्याची किंमत १९५५ पूर्वीच्या काही अर्भकांनी दिली. नवजात बालकास मिळणारी एक मिलिग्रॅमची टोचणी ही या शास्त्राची सिद्ध झालेली देणगी आहे. वृद्धाच्या स्मृतीसाठी दिली जाणारी गोळी ही तूर्त एक विचारार्ह कल्पना आहे. पहिलीचा आग्रह धरणे आणि दुसरीची चाचणी करणे, हे दोन्ही एकाच शास्त्रीय वृत्तीचे भाग होत.